दुसऱ्या रिमोटवरचा उखर्डू

उखर्डू जीवराम पाटील हा बदली कामगार होता. बदली म्हणजे काय ते आधीच सांगतो, म्हणजे पुढे कुणी अडायला नको. दुसऱ्या कुणाला ताप यावा, कुणाच्या घरी मयत व्हावी, कुणी पिऊन पडावं, आणि त्याच्या जागेवर आपल्याला आठ तास उभं राहायला मिळावं, यासाठी रोज सकाळी साडेसहाला सूतगिरणीच्या गेटावर जाऊन उभा राहतो तो बदली. कुणी आलं नसलं तर काम. सगळे आले असले तर डबा जसा आणला तसा घरी. हे उखर्डूने नऊ वर्षं केलं, आणि नऊ वर्षांत कुणापुढे तोंड उघडलं नाही. मला त्याचा राग येतो तो यासाठीच.

गिरणी धुळ्याहून नरडाण्याकडे जाताना हायवेला लागून होती. आता तिचं नाव सांगून कुणाचं भलं होणार नाही. तीन पाळ्या चालायच्या. प्रत्येक पाळीचा एक ठरलेला जॉबर; कायम कामगार मात्र हप्त्याहप्त्याने पाळी बदलत. जॉबर म्हणजे कामगारांच्या डोक्यावरचा मुकादम, आणि गेटावर उभ्या असलेल्या वीस-पंचवीस बदल्यांपैकी आज कुणाला आत घ्यायचं ते ठरवणारा मालक तोच. तो गेटाशी यायचा, माना वर करून उभ्या असलेल्या त्या घोळक्यावरून नजर फिरवायचा, चार नावं घ्यायचा आणि पाठ फिरवायचा. ज्याचं नाव आलं नाही त्याने विचारायचं नाही, हा रिवाज.

उखर्डू पारोळा तालुक्यातला. त्याच्या आईला, झुंबरबाईला, त्याच्याआधी चार पोरं झाली आणि चारही गेली. म्हणून हा जन्मला तेव्हा सुइणीने याला उचलून उकिरड्यावर ठेवलं, मग पदरात ज्वारी घेऊन परत आणलं, आणि नाव ठेवलं उखर्डू. कचऱ्यातलं पोर म्हटल्यावर सटवाई कशाला नेते? आपल्याकडे असे उखर्डू गावोगावी आहेत. पण झुंबरबाईची खोड अशी, की ती हे पोराला विसरू द्यायची नाही. भाकरी वाढताना म्हणायची, तू चौघांचा वाटा खाऊन बसला आहेस, सांभाळून खा. मायेने म्हणायची बिचारी. पण लहानपणापासून असं ऐकलं की माणूस ताटावरसुद्धा अंग चोरून बसतो. उखर्डू तसा बसायचा. बत्तीस वर्षांचा बाप्या, पण कुठल्याही ओळीत मागच्याला पुढे जाऊ देणारा.

एक गोष्ट मात्र देवाने त्याला भरभरून दिली होती. बोटं. सूत कातायच्या मशीनवर, म्हणजे रिंगफ्रेमवर, शेकडो बॉबिनी गरागरा फिरत असतात, कुठे तरी धागा तुटतो, तो चिमटीत पकडून फिरत्या मशीनवरच सांधायचा असतो. कायम कामगार एक सांधा मारेपर्यंत उखर्डूचे तीन झालेले असत. बघायचा कुठे आणि बोटं चालायची कुठे. एवढा हात असलेला माणूस बदलीत का सडत होता? कारण कायम होण्यासाठी जॉबरने ऑफिसात नाव द्यावं लागायचं, आणि जॉबरने नाव द्यावं म्हणून त्याच्या मागेपुढे करावं लागायचं, आणि ते याला जमत नव्हतं. म्हणजे त्र्याण्णव सालापर्यंत जमत नव्हतं.

त्या साली गिरणीच्या गेटासमोर हारुनने व्हिडिओ गेमचं दुकान काढलं. हारुन मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा, धुळ्यातल्या मोगलाई भागातला. घरोघरी टीव्ही आल्यावर रेडिओ कुणी दुरुस्तीला आणेना, तेव्हा त्याने मुंबईहून गेमचं मशीन आणि एक कॅसेट आणली आणि जुन्या टीव्हीला जोडली. टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट. हे लक्षात ठेवा. दुकानात बाकडी दोन आणि मशीनला रिमोट दोन. गेम फौजेचा. डोक्याला फडकी बांधलेले दोन जवान बंदुका घेऊन जंगलातून पळत सुटतात, समोरून, झाडावरून, पुलाखालून दुश्मन गोळ्या घालतो, आणि शेवटी दुश्मनाचा अड्डा उडवायचा. एकट्यानेही खेळता यायचा आणि दोघांनी मिळूनही. हारुनकडे एकटा कुणी खेळत नव्हता. पहिली पाळी साडेतीनला सुटली की हे तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षांचे मिशीवाले गडी केसांतली रुई न झटकता तिथे जाऊन बसत आणि एकमेकांच्या जिवाची काळजी करत ओरडत. आत मशीनवर कुणी कुणाकडे ढुंकून बघत नव्हतं, ते सोडा.

प्रत्येक जवानाला तीन जीव. हारुन त्याला लाइफ म्हणायचा, गिरणीवाले जीव म्हणत. चांगलं खेळलं की आणखी मिळायचे. कोपऱ्यात आकडा दिसायचा. आणि त्या गेमची एक करामत होती. आपले जीव संपले, तर रिमोटवरची दोन बटणं एकदम दाबायची, की जोडीदाराच्या शिलकीतला एक जीव आपल्याकडे यायचा. त्याला विचारायचं कारण नाही. त्याचा आकडा एकाने उतरायचा आणि आपण पुन्हा उभे.

आता गंमत बघा. ही करामत दोघांनाही सारखीच होती. मशीनला कोण कायम आणि कोण बदली हे काय ठाऊक! पण आठ दिवसांत दुकानात आपोआप नियम पडला. पहिला रिमोट कायम कामगाराचा, दुसरा बदलीचा. कायमचे जीव संपले की त्याने बदलीचे घ्यायचे. बदलीचे संपले की त्याने रिमोट खाली ठेवून बघत बसायचं. असा नियम कुणी केला नव्हता, तो गेट ओलांडून गिरणीतूनच आला होता. हारुनने एकदा म्हणून पाहिलं, की भाऊ, दोन्ही रिमोट सारखेच आहेत. सगळे त्याच्याकडे असे बघायला लागले की तो गप्प बसला.

उखर्डू पहिल्यांदा बसला तो कुणाचा तरी जोडीदार आला नाही म्हणून. तिथेही बदलीच. पण त्या बोटांनी रिमोट धरला आणि बघणारे पुढे सरकले. गोळी येण्याआधी त्याचा जवान वाकलेला, दुश्मन दिसण्याआधी याचा बार निघालेला. तीन जिवांचे सात झाले, सातांचे नऊ. बघणाऱ्यांत पहिल्या पाळीचा जॉबर होता, अभिमन भाऊ.

अभिमन भाऊ बेचाळिशीचा, देहाने आडवा, आवाज असा की मशीन चालू असताना या टोकाची शिवी त्या टोकाला ऐकू जावी. गेमचं त्याला भारी वेड आणि खेळता मात्र काडीचं येत नव्हतं. सुरू झालं की छाती काढून पुढे धावायचा आणि पहिल्या पुलावर मरायचा. वर रिमोटला नावं ठेवायचा. त्या दिवशी त्याने उखर्डूला शेजारी बसवलं. पहिल्या पुलावर नेहमीप्रमाणे मेला, मेला की दोन बटणं दाबली, उखर्डूचा एक जीव घेतला. पुन्हा मेला, पुन्हा घेतला. असे सहा घेतले आणि जन्मात पहिल्यांदा धबधब्यापर्यंत पोचला. एवढा खूश झाला की उखर्डूच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "उद्या सक्काय गेटवर पुढे उभा ऱ्हाय."

दुसऱ्या दिवशी पहिलं नाव उखर्डूचं आलं. तिसऱ्या दिवशीही. महिन्यातून जेमतेम बारा दिवस आत जाणारा माणूस आता वीस-बावीस दिवस आत जाऊ लागला. साडेतीन वाजले की हा हारुनच्या दुकानात हजर. अभिमन भाऊला यायला उशीर झाला तर रिमोट धरून थांबायचा, दुसऱ्या कुणाशी खेळायचा नाही. त्याने खेळायची एक वेगळीच रीत काढली होती. मागे राहायचं, जीव जमवायचे, आणि पुढे मरणाऱ्यासाठी राखायचे. पुढचा मेला की याचा आकडा उतरायचा, की हा पुन्हा जमवायला लागायचा. बाकीचे बदली तोंडावर काही बोलत नसत. पाठीमागे जे बोलत ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्याच्या बायकोने, पुष्पाबाईने, सुरुवातीला घर डोक्यावर घेतलं. ती शेंगा फोडायला जायची, टरफलांनी तिची नखं झिजून गेली होती. बत्तीस वर्षांचा घोडा टीव्हीसमोर बसून ठो ठो करतो, लाज वाटते का, असं ती सरळ विचारायची. उखर्डूने एकदाच तिला समजावून सांगितलं, की ठो ठो केलं नाही तर गेटावर नाव येत नाही.  मग तीच रोज विचारायला लागली, आज कुठवर पोचले?

अशी दोन वर्षं गेली. पंच्याण्णव साली रिंगफ्रेमवरचे नथ्थू आबा सप्टेंबरअखेरीस निवृत्त होणार होते. म्हणजे एक कायम जागा. नऊ वर्षांत पहिल्यांदा रिंगफ्रेमवर जागा होत होती. अभिमन भाऊने दुकानात, चार माणसांदेखत, गोळ्या झाडता झाडता उखर्डूला शब्द देऊन टाकला, "नथ्थू आबानी जागा तुनी. मी नाव देस."

त्या दिवसापासून उखर्डूचा जीव टांगणीला लागला. तुम्हाला वाटेल, पगारासाठी. पगाराचं होतंच. पण त्याने पुष्पाबाईला सांगितलं ते वेगळं होतं. नऊ वर्षांत तो एक दिवस आजारी पडला नव्हता, कारण बदलीने आजारी पडून चालत नाही. अंगात ताप घेऊन तो गेटावर उभा राहिला होता, आई गेली तेव्हा तिसऱ्या दिवशी सावडून आला तो थेट पाळीला. तो म्हणाला, कायम झालो की एक दिवस, तब्येत ठणठणीत असताना, घरी झोपून राहीन, आणि कुणी तरी माझ्या जागेवर बदली म्हणून उभा राहील. एवढंच. पुष्पाबाई हसली. तिने त्यासाठी नवी गोधडी शिवायला घेतली.

ऑक्टोबर उजाडला, खंडेनवमी आली. त्या दिवशी गिरणी बंद ठेवून मशीनची पूजा होते. रिंगफ्रेमला हळदकुंकू, झेंडूच्या माळा, नारळ, मग कॅन्टीनमध्ये जेवण. त्या वर्षी कुणाच्या तरी डोक्यातून निघालं, की हारुनचा टीव्ही कॅन्टीनमध्ये आणून पाळी-पाळीची मॅच लावू. तिन्ही पाळ्यांची एकेक जोडी, जी जास्त पुढे जाईल ती जिंकली. मॅनेजरसाहेब बघायला येणार. पहिल्या पाळीकडून कोण बसणार हे विचारायचीही गरज नव्हती.

बाकीच्या दोन्ही पाळ्यांच्या जोड्या धबधब्यावरच आटोपल्या. मग हे दोघे बसले. साहेब खुर्ची घेऊन मागे, साहेबांमागे दीडशे माणसं. अभिमन भाऊला साहेब बघतात म्हटल्यावर आणखीच चेव चढला. आधी स्वतःचे तीन जीव घालवले, मग उखर्डूचे घ्यायला लागला. उखर्डू जमवत होता आणि हा उधळत होता. शेवटच्या अड्ड्यापाशी पोचले तेव्हा उखर्डूच्या शिलकीत एकच होता, तोही अभिमन भाऊने घेतला आणि दरवाजातच मेला. आता पडद्यावर एकच जवान उरला. शिलकीत काही नाही. तो उखर्डूचा.

उखर्डूने तो जवान असा खेळवला की मागची माणसं बाकांवर चढून बघायला लागली. गोळ्या चुकवत, आडवा होत, उडी मारत त्याने अड्ड्याचा एकेक बुरूज पाडला. आणि ऐन त्या धुमश्चक्रीत त्याची नजर एक क्षण शेजारी गेली. अभिमन भाऊ दातओठ खात, घाम पुसत, मेलेल्या रिमोटची बटणं दाबत होता. जोरजोरात दाबत होता. टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट. रंगीत असता तर एक जवान निळा आणि एक लाल दिसला असता. इथे दोन्ही राखाडी. कोण मेला आणि कोण उरला हे त्या दोघांनाच माहीत, आणि एका कोपऱ्यात उभ्या असलेल्या हारुनला.

अड्डा उडाला. कॅन्टीन दणाणून गेलं. साहेबांनी उठून अभिमन भाऊच्या गळ्यात मशीनची उरलेली झेंडूची माळ घातली आणि म्हणाले, शेवटी एकट्याने किल्ला लढवलात, जॉबर असावा तर असा. अभिमन भाऊने मान लववली. उखर्डूकडे बघून डोळा मारला. आणि हा आमचा बहाद्दर, यानेही टाळ्या वाजवल्या! हारुनने नंतर त्याला बाजूला घेऊन विचारलं, तर म्हणाला, हारुनभाई, माळ घेऊन मी काय करू, मला जागा हवी आहे. बरोबरच होतं म्हणा. दोन वर्षं जीव देत आला होता, त्यात आणखी एक माळ.

दसऱ्यानंतर आठ दिवसांनी नोटीस बोर्डावर कागद लागला. नथ्थू आबांच्या जागी पुनाचं नाव होतं.

पुना कोण? तीन वर्षांचा बदली. तुटका धागा सांधताना ज्याच्या बोटात दुसरे दोन तुटायचे. जो रिमोट उलटा दिला तर उलटाच धरून बसला असता. तो स्वतः कागदासमोर उभा राहून पुन्हा पुन्हा आपलं नाव वाचत होता आणि उखर्डूला बघून त्याने मान खाली घातली. त्याने काही केलं नव्हतं, कुणाला काही दिलंही नव्हतं. त्याला आपलं नाव कसं आलं हेच कळत नव्हतं.

उखर्डू तसाच कागद सोडून अभिमन भाऊकडे गेला. जॉबर मशीनपाशी उभा राहून पान खात होता. नाव का दिलं नाही, हे उखर्डूने नऊ वर्षांत पहिल्यांदा विचारलं, "भाऊ, मनं नाव काबर नही दिधं?"

अभिमन भाऊ चिडला असता तरी चाललं असतं. खोटं बोलला असता, साहेबांवर ढकललं असतं, तर त्यातही एक मान राहिला असता. पण तो अगदी प्रेमाने, लहान पोराला सांगावं तसा सांगायला लागला. उखर्डूच्या खांद्यावर हात ठेवला.

"येडा शे का तू? कायम व्हयना का तुनी पाळी फिरी. एक हप्ता दुपार, एक हप्ता रात. मंग मनासंगे खेयी कोन?"

कायम झाला की याची पाळी फिरणार, मग आपल्याशी खेळणार कोण, एवढाच त्याचा हिशोब. आणि वर म्हणाला, बदली आहेस तोवर तू माझ्या हातात आहेस, रोज माझ्याच पाळीला घेतो की नाही, काय कमी आहे तुला?

उखर्डूच्या तळपायाची आग मस्तकात गेली असेल असं तुम्हाला वाटेल. तसं काही झालं नाही. तो मशीनवर जाऊन धागे सांधायला लागला. पाळी संपेपर्यंत त्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. आपण वाईट खेळलो असतो तर आज कायम असतो. पुनासारखा उलटा रिमोट धरला असता तर. एकदा, फक्त एकदा, पहिल्या पुलावर दोघांचे जीव संपू दिले असते तर. ज्या बोटांनी गेटाच्या आत नेलं त्याच बोटांनी जन्माचं बदलीत खिळवून ठेवलं होतं, आणि त्याला कुणीही जबरदस्ती केली नव्हती.

साडेतीनला तो दुकानात गेला. अभिमन भाऊ येऊन बसला, काही झालंच नाही अशा थाटात. गेम सुरू झाला. आणि पहिल्याच वळणावर उखर्डूचा जवान उघड्यावर जाऊन उभा राहिला. गोळी लागली, मेला. उठला, पुन्हा उघड्यावर. पुन्हा मेला. तिसऱ्यांदाही. अभिमन भाऊ पुढे धावत होता, राखाडी जवानांत कोण कोणता हे त्याच्या लक्षातच येत नव्हतं. मग उखर्डूने दोन बटणं एकदम दाबली.

कोपऱ्यातला अभिमन भाऊचा आकडा एकाने उतरला. उखर्डूचा जवान त्याच्या जिवावर उभा राहिला, चार पावलं चालला आणि बंदुकीसमोर जाऊन मेला. पुन्हा दोन बटणं. पुन्हा आकडा उतरला.  बदलीने कायमचा जीव घेतला होता, जॉबरचा, ते तिथे याआधी कुणी पाहिलं नव्हतं. अभिमन भाऊचं लक्ष गेलं तेव्हा शिल्लक संपली होती. तो पडद्याकडून उखर्डूकडे वळला, आणि तेवढ्यात त्याचा शेवटचा जवान पहिल्या पुलावर आडवा झाला. दोघेही खलास. गेम सुरू होऊन दोन मिनिटं झाली नव्हती. उखर्डूने रिमोट बाकड्यावर ठेवला आणि घरी गेला.

पुष्पाबाईला त्याने नोटीस बोर्डाचं सांगितलं, पाळी फिरण्याचं सांगितलं आणि दुकानातलंही सांगितलं. ती शेंगांचं टोपलं बाजूला सारून ऐकत होती.

"किती जीव व्हतात त्याना?"

"तीन."

"तिन्ही बठ्ठाच लिधात?"

"दोन लिधात. तिसरा त्याना हातेच गया."

ती उठली, तव्यावरची गरम भाकरी त्याच्या ताटात टाकली, वर न मागता तेल-चटणी. उखर्डू त्या दिवशी मांडी ऐसपैस घालून जेवला. त्याच्या आयुष्यातला चांगला दिवस कोणता म्हणून मला कुणी विचारलं तर हाच सांगेन.

दुसऱ्या दिवशी गेटावर त्याचं नाव आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. अभिमन भाऊ शिवी देत नव्हता, डोळे वटारत नव्हता. घोळक्यावरून नजर फिरवताना उखर्डूपाशी आली की ती नुसती पुढच्यावर जायची. उखर्डू दुपारच्या पाळीच्या गेटावर गेला, रात्रपाळीच्या गेला. तिथल्या जॉबरांनी सांगितलं, तू अभिमनचा माणूस, आम्ही कशाला मध्ये पडू. खंडेनवमीला सगळ्यांनी पाहिलंच होतं, कोण कुणाचा जोडीदार ते.

असे तेवीस दिवस गेले. डबा तसाच घरी यायचा आणि संध्याकाळी तोच खायचा. पुष्पाबाई दोन ठिकाणी शेंगा फोडायला जायला लागली, तिच्या बोटांना चिरा पडल्या. गोधडी अर्धी शिवून झाली होती, ती तिने गुंडाळून फळीवर टाकली. उखर्डूने मार्केटात हमाली बघितली, तिथेही आपापले बांधलेले लोक होते. पाचशे धागे सांधणाऱ्या बोटांचा पोत्याला काय उपयोग?

तेविसाव्या दिवशी दुपारी पुष्पाबाई घरी आली, हात पाण्यात बुडवून बसली. बोटांची आग होत असावी. त्याच्याकडे न बघता म्हणाली, "जाय. खेय त्यानासंगे."

  तिने पदराला हात पुसले आणि उखर्डूच्या चपला दाराच्या आत होत्या त्या उचलून बाहेर ठेवल्या.

साडेतीन वाजता तो हारुनच्या दुकानात शिरला. अभिमन भाऊ पहिल्या रिमोटवर होता, शेजारी कुणी तरी नवा बदली होता आणि दोघे पहिल्या पुलावर मरत होते. उखर्डू दाराशी उभा राहिला. जॉबरने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. नुसता हात पुढे केला, त्या नव्या पोऱ्याच्या हातातला रिमोट काढून घेतला आणि खांद्यावरून मागे धरला. हारुनने मान दुसरीकडे वळवली.

उखर्डूने रिमोट घेतला आणि बसला.

"दोन जीव राखजो," अभिमन भाऊ म्हणाला.

उखर्डूने तीन राखले. धबधबा गाठला, पुढची खिंड गाठली, अभिमन भाऊने एकामागून एक तिन्ही घेतले, आणि पाठीवर थाप मारली ती पहिल्या दिवशीसारखीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला गेटावर पहिलं नाव उखर्डूचं आलं. सोनगीरच्या एका कामगाराची आई वारली होती, त्याची जागा रिकामी होती.